बटण कुठे पुरतं, पिन कुठे काढायची

टीव्ही, चार्जर वगैरे वापरात नसताना नुसतं बटण बंद करावं की बोर्डातून पिनही काढावी? बिलापुरतं म्हणाल तर बटण बंद करणं पुरे. फेज तुटला की मीटर पळत नाही. न्यूट्रल आणि अर्थिंग मात्र जोडलेलंच राहतं आणि जवळपास वीज पडली की तिथूनही विजेचा जादा दाब आत शिरतो. म्हणून बटण बंद असूनही वळवात टीव्ही नि मोडेम जळू शकतात. बेळगाव-खानापूरकडे एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ भरून आलं, लांबवर गडगडायला लागलं, की तेव्हाच पिना काढाव्यात. डिशची वायरही बॉक्सच्या मागून सोडवा. नेमकी तीच विसरते. कडकडाट डोक्यावर आल्यावर मात्र बोर्डाला हात लावू नका. टीव्ही गेला तर जाऊ दे.

आधी बटण बंद करा. हात कोरडे हवेत, पायात चप्पल हवी. पिनेचं डोकं धरून सरळ ओढा. वायरीला हिसका दिला की आत स्क्रूखालच्या तांब्याच्या बारीक तारा एकेक तुटतात, उरलेल्या दोन-चार तारांवर सगळा भार येतो आणि पिन तापते. काढलेली पिन एकदा बघाच. दांडी काळी पडली असेल, प्लास्टिक पिवळं झालं असेल किंवा सॉकेटमध्ये पिन सैल बसत असेल, तर दोन्ही बदला. नुसती पिन बदलली तर सैल सॉकेट तीही जाळतं. 2000 वॅटचा गिझर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो. त्याला 16 अँपिअरचंच सॉकेट हवं, एक्स्टेंशन बोर्ड नको.

रिकाम्या चार्जरने बिल वाढतं हे फारसं खरं नाही. खरा खादाड सेट-टॉप बॉक्स. रिमोटने बंद केला तरी काही बॉक्स 10 वॅटच्या आसपास घेतात, म्हणजे महिन्याला 7 युनिट. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटकच्या मोफत विजेच्या योजनेत, तुमची महिन्याची सरासरी 90 युनिट धरली असेल तर तिच्यावर मिळणारे 10 टक्के वाढीव म्हणजे 9 युनिट. त्यातले 7 हाच खातो. बॉक्सचं बटण बोर्डावरच बंद करा.

फ्रिजची पिन रोज काढायची नाही. लाइट जाऊन आली तर पाच मिनिटं थांबून चालू करा. आतल्या गॅसचा दाब उतरायच्या आत कॉम्प्रेसर सुरू झाला तर त्याच्यावर ताण येतो. आषाढीला पंढरपूरला आठ-दहा दिवस जाणार असाल तर फ्रिज रिकामा करून पुसा, पिन काढा आणि दारात फडक्याची घडी अडकवून ते किंचित उघडं ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते.