जुन्या गाडीचा ब्रेक कॅलिपर उघडण्याआधी

सगळ्यात आधी तांब्याचे वायसर आणा. कॅलिपर म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग. ब्रेकचा होज पाइप त्याला जोडतो तिथे एक पोकळ बोल्ट असतो, बँजो बोल्ट. त्याच्या जोडाला खालून एक आणि वरून एक असे दोन वायसर लागतात, म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांचे मिळून चार. आणताना सहा-आठ आणा, एखादा इंजिनाखाली घरंगळतोच. मागच्या खेपेला सील-रबरांचं किट, पॅड, ऑइल सगळं आणलं आणि नेमके हे राहिले. जुनेच उलटे करून बसवले. ब्रेक दाबला की बोल्टच्या कडेला थेंब जमायचा, पुसला की पुन्हा जमायचा. रविवारची संध्याकाळ, दुकानांची शटरं खाली, आणि गाडी स्टँडवर चढवलेली.

पुढचं सगळं जुनी वॅगन आर डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि एकाच पिस्टनचा, पिनांवर सरकणारा कॅलिपर. झेन किंवा सँट्रोचंही थोड्याफार फरकाने तेच. एबीएसवाल्या गाडीचं इथे धरलेलं नाही.

सामान आणायला जाण्याआधी बिघाड कुठे आहे ते बघा, नाहीतर उगाच सगळं बदलत बसाल. चाक उचला आणि ब्रेक दाबून सोडल्यावर हाताने फिरवा. जड फिरत असेल तर कॅलिपरचं निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू, जरासं ढिलं करा. चाक लगेच मोकळं झालं तर दाब आत अडकून राहतोय. अशा वेळी होज आतून फुगलेला असू शकतो किंवा पेडलने दाब तयार करणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये खोट असू शकते, आणि नवा कॅलिपर घालूनही काही फरक पडणार नाही. निपल सोडूनही चाक जडच राहिलं तर पिस्टन किंवा पिना धरल्या आहेत. पॅड काढून समोरासमोर ठेवा. आतला संपलेला आणि बाहेरचा जवळपास तसाच असेल तर पिनांवर संशय घ्या. कोकणात, समुद्राच्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे दुखणं फार.

दुरुस्ती की नवा, हे पिस्टनवर ठरतं. नखाने चाचपून बघा. सील जिथे घासतं त्या भागात गंजाचे खड्डे लागले तर तो पिस्टन पॉलिश पेपरने घासून वाचवायच्या भानगडीत पडू नका. वरचा मुलामा गेला की गंज परत येणारच. पिस्टन साफ असेल तर किट पुरतं. किट दोन्ही चाकांचं घ्या, एकाच बाजूचं काम केलंत तर ब्रेक लावल्यावर गाडी एकीकडे ओढू शकते. भंगारातला कॅलिपर स्वस्तात मिळतो, पण माझं मत विचाराल तर ब्रेकच्या बाबतीत तो घेऊ नये. नवा घेतलात तर डावा-उजवा तपासा. निपल वरच्या बाजूला यायला हवं. अदलाबदल झाली तर कॅलिपर बसतो, पण निपल खाली जातं आणि मग कितीही पंप मारा, आतली हवा निघत नाही.

किटमधलं चौकोनी कडेचं सील फक्त गळती थांबवायला नसतं. ब्रेक दाबला की ते पिस्टनबरोबर थोडं पिळतं, सोडला की सरळ होताना पिस्टनला मागे घेतं. जुनं सील कडक झालं की हे मागे घेणं बंद होतं आणि पॅड डिस्कला घासत राहतो. म्हणून पिस्टन बाहेर काढलाच आहे तर सील बदलायचंच. ते ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवा. ग्रीस लावू नका.

पिनांसाठी ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस वेगळं मिळतं. बेअरिंगचं ग्रीस चालणार नाही, खनिज तेलाने ही रबरं फुगतात आणि चार दिवसांत पिन पुन्हा धरते. वरची पिन वर, खालची खाली. काही गाड्यांत एकीलाच रबराची बुश असते, काढताना फोटो काढून ठेवा.

ब्रेक ऑइल डॉट ३ की डॉट ४ ते गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ५ नको, ते सिलिकॉनचं असतं आणि यात मिसळत नाही. बाटली सीलबंद हवी. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, ओलावा धरला की ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. गॅरेजच्या फळीवर गेल्या पावसाळ्यापासून अर्धी पडलेली बाटली म्हणूनच नको. रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता.

आणि वायसर घेतलेत ना? किटमध्ये असतील असं धरून चालू नका, पुष्कळदा नसतात. जुना बोल्ट बरोबर न्या, मापाला लावून घ्या. पुण्यात असाल तर नाना पेठेत मिळतील, फक्त ते मागावे लागतात, दुकानदार आपणहून देत नाही. तांबं मऊ असतं म्हणून पहिल्यांदा आवळताना ते दबून जोड बंद करतं. काढलेल्या वायसरवर गोल चरा दिसेल, तो एकदा दबून कडक झालेला असतो. लाल तापवून पुन्हा मऊ करता येतो हे खरं, पण घरी कोण ते करत बसणार. नवे घ्या.

हत्यारं नेहमीचीच. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, स्टँड लावा, मागच्या चाकांना विटा लावा. निपलला रिंग पाना वापरा, उघड्या पान्याने कडा गोल होतात. आदल्या रात्री निपलवर गंज सोडवणारा स्प्रे मारा, मोडलं तर दिवस गेला. पारदर्शक नळी, रिकामी बाटली, ब्रेक क्लीनर, तार. तार कॅलिपर टांगायला, होजवर लोंबकळत सोडू नका. पॅडची धूळ फुंकायची नाही. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, व्हर्नियर लावून बघा.

पिस्टन बाहेर काढायचा तर होज सोडण्याआधी पेडलनेच ढकलून घ्या, समोर लाकडाचा तुकडा धरा. बोटं नकोत. हवेच्या प्रेशरने काढणारे बोटं गमावून बसतात.

जोडताना उलट क्रम. बँजो बोल्टला खाली नवा वायसर, मध्ये होज, वर नवा वायसर. आवळायचा किती ते मॅन्युअलमध्ये बघा, जोर काढू नका.

हवा काढायला दुसरा माणूस हवाच. दाब, धर, मी निपल बंद केलं म्हटल्यावरच सोड, एवढं त्याला आधीच समजावून ठेवा. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, तळापर्यंत दाबलं तर मास्टर सिलिंडरचं सील आतल्या गंजावर घासून जातं. डबा रिकामा होऊ देऊ नका. ब्रेक दाबून धरायला सांगा आणि दोन्ही वायसरांच्या कडेने कोरडा कागद फिरवा. ओला झाला तर काम झालेलं नाही.

चाक लावा. इंजिन सुरू करण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, पहिल्यांदा ते थेट तळाला जातं. गल्लीतच, हळू, हँडब्रेकवर हात ठेवून बघा. थोडं फिरून आलात की चाकाचे नट पुन्हा आवळा.