बॅलन्शिनचं 'सेरेनेड' बसवताना

नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शिन १९८३ साली गेले. त्यांची आठवण म्हणून एखादी बॅले कंपनी त्यांचं 'सेरेनेड' हे बॅले बसवणार असेल, तर प्रयोगाची तारीख जाहीर करण्याआधी त्यांच्या रचनांचे हक्क सांभाळणाऱ्या बॅलन्शिन ट्रस्टकडे परवाना मागायचा. १९८७ साली स्थापन झालेला हा ट्रस्ट बॅले शिकवायला स्वतःचा जाणकार माणूस पाठवतो. तो यायच्या आधी व्हिडिओवरून पावलं पाठ करून ठेवायचा मोह आवरा. प्रेक्षागृहातून केलेल्या चित्रणात नर्तिकेचा उजवा हात आपल्याला डावीकडे दिसतो. उलटी बाजू एकदा अंगात मुरली की ती काढण्यातच तालमी खर्ची पडतात.

वादकांशीही लवकर बोला. हे बॅले ज्या संगीतावर आहे, त्या चायकोव्हस्कीच्या रचनेत एलेजी (शोकगीतासारखा भाग) तिसरी, रशियन धुनेचा भाग शेवटचा. बॅलेत हे उलटं होतं आणि शेवट एलेजीवर होतो. प्रत्येक वादकाच्या प्रतीवर क्रम लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो पडदा उघडतानाच्या चित्राला. १७ नर्तिका, शंकरपाळीच्या आकाराच्या दोन जोडलेल्या रचनांत. पावलं समांतर, उजवा हात तिरका वर, जणू डोळ्यांवरचा उजेड अडवतोय. मग मनगट वळतं, हात कपाळाशी येतो, छातीवरून खाली उतरतो. पावलं झटक्यात बाहेर वळतात, पहिली पोझिशन (टाचा जुळलेल्या, चवडे बाहेर). एक पाय बाजूला सरकतो, पाचव्या पोझिशनमध्ये (एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे चिकटून) मिटतो, हात उघडतात आणि मान मागे जाते. शेजारणीकडे बघून पाय वळवला की तो झटका लाटेसारखा पसरतो आणि चित्र विस्कटतं. डोळे मिटून, फक्त संगीत ऐकत हा तुकडा करून घ्या.

पुढे एक नर्तिका पडते. १९३४ साली बॅले घडत असताना एक विद्यार्थिनी खरंच पडली होती आणि बॅलन्शिननी ते तसंच ठेवलं. तिथे अभिनय नको. चेहरा दुःखी केला की प्रसंग नाटकी होतो.

वेशभूषाकार कारिन्स्का यांनी १९५२ साली केलेले निळ्या जाळीचे लांब स्कर्ट आता या बॅलेची ओळख आहेत. तालमीतही सुरुवातीपासून लांब स्कर्ट घालायला लावा. ऐन रंगीत तालमीत ते पहिल्यांदा चढवले, तर उचलताना जोडीदाराची बोटं जाळीत अडकतात. एलेजीत मुख्य नर्तिकांचे केस मोकळे असतात. विंगेत केसांतून काढलेले आकडे मोजून डबीत टाका. एखादा रंगमंचावर राहिला, तर पॉइंट शूज (बोटांच्या टोकावर नाचायचा बूट) त्यावरून घसरतो.