तिएग्वानयिन: पाणी उकळतं, वेळ मोजकी

चीनच्या फुजियान प्रांतातल्या आन्शी भागाचा तिएग्वानयिन हा ऊलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधल्या प्रकारचा चहा हाती आला, तर त्याला आपल्या चहासारखं उकळू नका. दूध-साखरही नको, त्यात त्याचा ऑर्किडसारखा फुलांचा वास पार बुडून जातो.

तिथे यासाठी गायवान, म्हणजे झाकणाची छोटी वाटी वापरतात. साधारण 100 मिली पाण्याला 6-7 ग्रॅम चहा घ्या. घट्ट वळलेल्या गोळ्या बघून कमी वाटेल, पण पानं उमलली की वाटी भरते. पाणी 95 अंशांच्या वर हवं. कोमट पाण्यात गोळ्या नीट उलगडत नाहीत. पहिलं पाणी लगेच ओतून टाका. मग 20 सेकंदांत चहा पूर्ण गाळून घ्या, पुढच्या प्रत्येक वेळी थोडा वेळ वाढवा. तीच पानं सहा-सात वेळा सहज चालतात, आणि मला तर दुसरा-तिसरा पेलाच सर्वांत आवडतो.

पिण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्या. सुगंध तिथेच सर्वांत स्पष्ट कळतो. घोट जरा तोंडात घोळवा. गिळल्यावर घशात हलका गोडवा परत येतो.

हिरवट, कमी भाजलेला प्रकार असेल तर पाकीट हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवा.