दोरो खोऱ्यात जोडीनं सॅक घेऊन फिरताना या चुका टाळा

पोर्तुगालमधल्या दोरो नदीच्या खोऱ्यात आम्ही नवरा-बायको सप्टेंबरात, ऐन द्राक्षकाढणीच्या दिवसांत, सॅक पाठीवर टाकून फिरलो. पोर्ट वाइन होते ती इथल्याच द्राक्षांची. १७५६ साली या प्रदेशाच्या हद्दी आखल्या गेल्या, २००१ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, हे सगळं आम्ही घरून वाचून गेलो होतो. पण हे खोरं किती उभं आहे, ते काही आम्हाला वाचून कळलं नव्हतं.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक अंतराची. पिन्याव गावातून मान वर केली की कझाल द लॉइव्होश हे खेडं डोक्यावरच दिसतं. "हे काय, इथंच तर आहे," असं म्हणत आम्ही भर दुपारी सगळं सामान घेऊन चढायला लागलो. वेली जेमतेम छातीपर्यंत येतात, त्यामुळे सावली म्हणून नाही. उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी ताली, म्हणजे दगडी बांध, रचल्या आहेत त्या शिस्टच्या, म्हणजे पापुद्र्या-पापुद्र्यांच्या काळपट दगडाच्या. दम खायला मी तालीवर हात टेकला आणि तव्याला लागावा तसा झटकन मागे घेतला. हा दगड दिवसभर ऊन पितो आणि अंधार पडल्यावरही ऊब सोडत राहतो. द्राक्ष पिकायला ते चांगलंच, पण चालणाऱ्याचा जीव जातो. इथले लोकच म्हणतात, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक.

अर्ध्या वाटेवर पाणी संपलं. मळ्यांमधून कुठं नळ दिसेना. नवरा एकदम गप्प झाला, विचारलं तर तुटक बोलायला लागला. मला वाटलं रागावला, मग मीही फुगून बसले. खरं तर उन्हानं त्याचं डोकं ठणकत होतं. वीस मिनिटं आम्ही भांडणात घालवली, ती सावली शोधण्यात घालवायला हवी होती. तेव्हा जोडीदार अचानक गप्प झाला किंवा चिडचिड करायला लागला, तर आधी सावलीत बसवा, पाणी आणि काहीतरी खारट द्या आणि मगच काय ते बोला. डोकं दुखणं, मळमळ थांबत नसेल तर मुकाट्यानं खाली उतरा. आम्ही उतरलो. दुसऱ्या दिवशी मोठ्या सॅक मुक्कामी ठेवल्या, दोघांत एकच छोटी पिशवी आणि चार लिटर पाणी घेतलं आणि उजाडता उजाडता निघालो. वर पोचलो तेव्हा नदीच्या वळणावर अजून धुकं होतं.

ओझ्याचंही तसंच. निम्मं-निम्मं वाटून घेणं दिसायला न्याय्य असतं, पण ज्याच्या अंगात जेवढी ताकद तेवढंच त्यानं उचलावं. आणि बाटल्या सुरुवातीलाच घेऊ नका. भरलेली एक बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते आणि विमानात केबिनमध्ये ती नेता येत नाही. खरेदी परतताना पोर्तो शहरात करा.

रेग्वा या गावापासून पिन्यावपर्यंत नदीकाठच्या रस्त्यानं पायी जायचा बेत आम्ही आखला होता, तो वेळीच सोडला हे बरं झालं. रस्ता अरुंद, वळणावळणाचा आणि गाड्या सुसाट. त्यापेक्षा ट्रेन घ्या. पोर्तोहून येताना उजव्या बाजूला बसा, सुरुवातीचा सुमारे तासभर सोडला की नदी त्याच बाजूला लागते. पिन्यावच्या पुढं फेरादोझाच्या पुलावरून गाडी नदी ओलांडते आणि मग डावी खिडकी हवी. गाड्या मात्र दिवसातून मोजक्याच, म्हणून परतीची शेवटची वेळ सकाळीच बघून ठेवा. पिन्याव स्टेशनच्या भिंतींवर निळ्या टाइल्सची सुंदर चित्रं आहेत, त्यांच्यासाठी थोडे आधी पोचलात तर उत्तमच.

किंता म्हणजे द्राक्षमळ्याची वाडी. काढणीच्या दिवसांत तिथली माणसं कामात बुडालेली असतात, म्हणून न कळवता दारात जाऊन उभं राहू नका. आधी वेळ ठरवा. आणि पोर्टला साध्या वाइनसारखी समजू नका. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचं मद्य घालून आंबणं थांबवतात, त्यामुळे साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क वीस टक्क्यांच्या घरात जातो. गोड म्हणून घोट सहज उतरतो आणि उन्हात बाहेर पडलं की चढतो. चव घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला अजिबात लाजू नका. गाडी भाड्यानं घेतली असेल तर एकानं त्या दिवशी प्यायचंच नाही, असं आधीच ठरवा.

जेवणात दोन गोष्टी लक्षात ठेवा. बसल्या बसल्या टेबलावर येणारा ब्रेड आणि ऑलिव्ह फुकट नसतात. नको असतील तर हात न लावता परत पाठवा. आणि शाकाहारी असाल तर 'काल्दो व्हेर्द' हे हिरव्या पानांचं सूप मागवताना विचारून घ्या, त्यात बहुतेक वेळा सॉसेजची चकती असते.