लेकराला अमेरिकेचा इतिहास दाखवताना

माझी भाची परभणीत सातवीला आहे. तिला अमेरिका शिकवताना मी १७७६ पासून, म्हणजे तिथल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून, सुरुवात केली नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना लिहिलेलं पत्र आहे, फुकट. ते आधी उघडा. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यात मागितल्यात. "का मागितल्या असतील?" एवढंच विचारा, लेकरू स्वतः शोधू लागतं.

मग लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या मोठ्या सरकारी ग्रंथालयाचे जुने फोटो. एका बैठकीला एकच. खालची माहिती झाकायची, कपडे, हात, पाट्या नीट बघू द्यायच्या, दिसलं ते वहीत लिहून घ्यायचं, मगच साल सांगायचं. इंग्रजी अडलं तर मोबाइलवर भाषांतर करा.

१९५५ चा माँटगोमेरी शहरातला बसबहिष्कार (बसमधल्या वेगळ्या जागांविरुद्ध कृष्णवर्णीयांनी बसनं जाणंच सोडलं, तो) निघाला तेव्हा भाची एसटीतल्या जागेवरच बोलत राहिली. त्या दिवशी पुढचं काही उघडलं नाही.