ईपी तयार आहे, आता त्यावर कोणीतरी लिहावं असं वाटत असेल तर

माझ्या पहिल्या ईपीच्या (म्हणजे चार-पाच ट्रॅकचा छोटा अल्बम) वेळी मी काय केलं ते आधी सांगतो. शुक्रवारी रिलीज, मी अकराला उठलो, चहा घेतला आणि म्युझिकवर लिहिणाऱ्या साठेक जणांना एकच मेल बीसीसी करून सोडून दिला, "हाय, माझा नवा ईपी आलाय, प्लीज ऐका". उत्तरं किती आली? एक. तेही ऑटो-रिप्लाय, की मी सुट्टीवर आहे. मग महिनाभर मित्रांना सांगत फिरलो की हे सगळं वशिल्याचं काम आहे, पुण्यात बेडरूममध्ये बसून टेक्नो, म्हणजे मशीनवरचं डान्स म्युझिक, करणाऱ्याला कोण विचारतंय. वशिला थोडाफार असतोच, नाही असं नाही, पण माझी चूक त्याहून साधी होती. रिलीजच्या दिवशी तुमची बातमी शिळी झालेली असते, त्या आठवड्यात काय छापायचं हे लिहिणाऱ्या माणसाचं कधीच ठरून गेलेलं असतं.

म्हणून तारखेपासून उलटं मोजा. जुलै २०१५ पासून जगभरात नवीन म्युझिक शुक्रवारी येतं, तुमचाही शुक्रवारच असणार, तो पकडा आणि कॅलेंडरवर मागे जा. छापील मासिक डोक्यात असेल तर दोन-तीन महिने आधी, वेबसाइटवाल्यांना चार ते सहा आठवडे आधी. डिस्ट्रिब्युटरकडे (तुमची गाणी स्ट्रीमिंग ॲप्सवर पोचवणारी कंपनी) गाणी त्याच सुमारास चढवून टाका, कारण स्पॉटिफायच्या एडिटरना पिच करायला, म्हणजे गाणं प्लेलिस्टमध्ये घ्या असं सुचवायला, गाणं आधीच तिथे पोचलेलं लागतं आणि रिलीजच्या किमान सात दिवस आधी पिच केलं तरच ते तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांची आपोआप बनणारी प्लेलिस्ट) नक्की जातं (पिच एकाच गाण्याचं करता येतं, तेव्हा कुठलं ते आधी ठरवा, बँडमध्ये भांडणं इथेच होतात). आणि मास्टरिंग (आवाजाचा शेवटचा हात) झाल्याशिवाय तारीख जाहीर करू नका, प्लीज. मास्टरिंगवाला "उद्या देतो" म्हणाला की दोन आठवडे धरायचे.

आता मुख्य गोष्ट. ट्रॅक चांगला आहे म्हणून कोणी लिहीत नाही. चांगले ट्रॅक रोज ढिगाने येतात. लिहिणाऱ्याला सांगण्यासारखं काहीतरी लागतं. चरणजित सिंग यांचं उदाहरण बघा, मुंबईत हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारा सेशन म्युझिशियन, १९८२ मध्ये रोलंडची ३०३ (बेस सिंथेसायझर) आणि ८०८ (ड्रम मशीन) ही मशीनं घेऊन रागांवर डिस्को बीटचा अल्बम केला, एचएमव्हीने काढला आणि तो फारसा कोणी घेतला नाही. एका डच कलेक्टरला त्याची प्रत सापडली, २०१० मध्ये त्याने अल्बम परत काढला आणि मग जगभरच्या म्युझिक प्रेसमध्ये धमाल. अल्बम तोच होता, एक नोटही बदलली नव्हती. बदललं एवढंच की आता एका वाक्यात सांगता येत होतं: शिकागोतून १९८७ मध्ये पहिली ॲसिड हाउस (३०३ च्या चिरक्या आवाजावर चालणारं डान्स म्युझिक) रेकॉर्ड आली असं म्हणतात, त्याच्या पाच वर्षं आधी मुंबईत एका माणसाने तोच आवाज काढून ठेवला होता. ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला का यावर लोक अजून वाद घालतात, पण वाद घालतात म्हणजे लिहितात.

तुमचं ते एक वाक्य शोधा. "हा ईपी म्हणजे माझ्या अंतर्मनाचा प्रवास" हे वाक्य नाहीये, हे मी लिहून बसलोय, कोणी वाचत नाही. समजा तुम्ही मिरजेचे आहात, सतारी बनवणाऱ्या गल्लीत जाऊन भोपळा कापतानाचा, लाकूड घासतानाचा, तारा ताणतानाचा आवाज रेकॉर्ड केला आणि त्यातून चार ट्रॅक केले, आणि वरून २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय टॅग मिळालाय. झालं की वाक्य! हे ॲम्बियंट, म्हणजे संथ, वातावरणासारख्या म्युझिकच्या, मासिकवाल्यालाही चालेल आणि सांगलीच्या पेपरलाही. फक्त खोटं रचू नका. आणि परदेशी वेबसाइटला लिहिताना उगाच अगरबत्ती लावू नका, "प्राचीन भारताचा गूढ नाद" वगैरे, त्या लोकांनाही आता त्याचा कंटाळा आलाय. तुमची गोष्ट अगदी साधी असेल, म्हणजे दिवसा आयटीत नोकरी आणि रात्री मॉड्युलर सिंथेसायझर, तर साधीच सांगा, पण नेमकी सांगा, कुठलं मशीन, कुठली खोली, कोणासोबत.

मग मेल. सब्जेक्टमध्ये नाव, रिलीजचं नाव, लेबल असेल तर लेबल, तारीख आणि कुठल्या प्रकारचं म्युझिक ते. मेलमध्ये पहिलं तुमचं ते वाक्य, मग दोन-तीन ओळी, मग ऐकायची लिंक, बास. लिंक म्हणजे साउंडक्लाउडची प्रायव्हेट लिंक, क्लिक केलं की वाजलं पाहिजे, लॉगिन मागितलं की माणूस गेला. फाइल मेलला जोडायची नाही, कधीच नाही. डाउनलोडसाठी गुगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सचा एक फोल्डर, आणि त्याची परमिशन दुसऱ्याच्या फोनवरून तपासा, "रिक्वेस्ट ॲक्सेस" दिसणारे फोल्डर मी स्वतः पाठवलेत. वी-ट्रान्सफरची फुकट लिंक काही दिवसांत मरते आणि समोरचा तुमचा मेल तीन आठवड्यांनी उघडतो, म्हणून ती नको. फोल्डरमध्ये ३२० केबीपीएसच्या एमपी३, नीट टॅग केलेल्या, कारण "फायनल फायनल २ मास्टर नवीन" नावाची फाइल डाउनलोडमध्ये पडली की ती कोणाची ते देवालाही कळत नाही. डीजेंसाठी वेव्ह फाइल्स वेगळ्या. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, दोन फोटो, एक आडवा एक उभा, खाली फोटोग्राफरचं नाव. फोटोवरून हसू नका, चांगला आडवा फोटो नाही म्हणून लटकलेल्या बातम्या मी पाहिल्यात. आणि एक पानाची प्रेस नोट, तिसऱ्या पुरुषात, म्हणजे त्यांना उचलून तशीच टाकता येते. टाकतातही.

पाठवायचं कोणाला? सगळ्यांना रेसिडेंट ॲडव्हायझर, मिक्समॅग, डीजे मॅग ही परदेशातली मोठी डान्स म्युझिकवाली नावंच हवी असतात. पाठवा, पण तिथे रांग मोठी आहे आणि मुळात म्युझिकवर लिहिणारी दुकानं कमी होत चाललीत, २०२४ मध्ये पिचफोर्कसारखी मोठी अमेरिकन म्युझिक वेबसाइटसुद्धा जीक्यू या पुरुषांच्या मासिकात नेऊन बसवली. म्हणून वेबसाइटचा नाही, लिहिणाऱ्याचा पत्ता शोधा. तुमच्यासारखं म्युझिक करणारे पाच आर्टिस्ट घ्या, त्यांच्यावर कोणी लिहिलंय ते बघा, बरेचसे फ्रीलान्सर असतात आणि चार ठिकाणी लिहितात. आपल्याकडे रोलिंग स्टोन इंडिया आहे, दिल्लीचं वाइल्ड सिटी आहे. बॅंडकॅम्पवर (आर्टिस्ट थेट म्युझिक विकतात ती साइट) रिलीज करत असाल तर टॅग मनापासून भरा, शहराचं नावही, त्यांच्याच बॅंडकॅम्प डेली या मासिकासाठी लिहिणारे लोक टॅगमधून खोदत बसतात. तीस नेमकी नावं, तीस वेगळे मेल, प्रत्येकात एक ओळ अशी की त्याचं लिखाण वाचलंय हे कळेल. कंटाळवाणं आहे, एक अख्खा रविवार जातो.

प्रीमियर हा प्रकार छोट्या आर्टिस्टसाठी सगळ्यात सोपा दरवाजा आहे. एक ट्रॅक रिलीजच्या आधी आठवडाभर एकाच ठिकाणी, त्यांच्या चॅनलवर. एकाला विचारा, पाच दिवस थांबा, नाही आलं तर "दुसऱ्यांना देतोय" असं कळवून पुढे जा. एकाच वेळी दोघांना देऊन दोघंही हो म्हणाले तर तुमची जी पंचाईत होते ती विचारू नका, ते लोक एकमेकांना ओळखतात. डीजेंना प्रोमो (रिलीजआधीची प्रत) पाठवणं आणि ऑनलाइन रेडिओ, लंडनचं एनटीएस, दिल्लीचं बॉक्सआउट, हे पण त्याच आठवड्यांत करा, कुठल्या तरी शोमध्ये वाजलं तर फॉलो-अपच्या मेलमध्ये लिहायला काहीतरी मिळतं.

मराठी पेपरबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे "डीजे" म्हणजे माणूस नाही, ट्रकवरची स्पीकरची भिंत. तुम्ही फोनवर "मी डीजे आहे" म्हणालात की समोरच्या उपसंपादकाच्या डोळ्यांपुढे विसर्जन, डेसिबल आणि पोलिस गुन्हे येतात. तिथे "संगीतकार" म्हणा, "संगणकावर आणि सिंथेसायझरवर संगीत करतो" म्हणा, आणि जॉनर विसरा. त्यांना गावचा मुलगा किंवा मुलगी, आजीची ओवी सॅम्पल केली, हलगीवाल्या काकांना स्टुडिओत बसवलं, हे हवंय. मजकूर मराठीत, युनिकोडमध्ये, पाचशे शब्दांच्या आत लिहून द्या. तरुणांच्या पुरवण्या आणि जिल्ह्याची पानं बघा. त्या बातमीने स्ट्रीम वाढत नाहीत, खरं सांगतो, पण घरचे "हे काय करतोस" विचारायचं थांबतात आणि गावातला हॉल पुढच्या वेळी मिळतो.

पैसे मागणारे येतीलच. "आमच्या मॅगझिनमध्ये फीचर, एवढे एवढे", इन्स्टावर डीएम. जाहिरात आहे हे माहीत असूनही हवी असेल तर घ्या, पण ती बातमी नव्हे आणि वाचणाऱ्याला ते कळतं. "इतके स्ट्रीम गॅरंटी" म्हणणाऱ्याला तर सरळ ब्लॉक, बोगस स्ट्रीम पकडले गेले की गाणं खाली उतरवतात आणि भुर्दंड तुम्हाला.

फॉलो-अप एकदाच, आठवड्याने, त्याच मेलला रिप्लाय करून, दोन ओळींचा. त्यानंतर गप्प. आणि कोणी लिहिलंच तर त्याच दिवशी आभाराचा मेल टाका, त्यातली एक चांगली ओळ उचलून पुढच्या प्रेस नोटच्या डोक्यावर ठेवा, आणि त्या पानाची पीडीएफ काढून दोन ठिकाणी सेव्ह करा, माझ्यावरचं पहिलं फीचर जिथे आलं होतं ती वेबसाइटच आता उघडत नाही आणि माझ्याकडे उरलाय तो आईने व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलेला अर्धवट स्क्रीनशॉट.