पाय दुखायचा थांबला, म्हणून खेळाडू उतरवताय? फुटबॉलमध्ये या चुका टाळा

बार्सिलोनाचा मिडफिल्डर पेद्री, त्याचा २०२०-२१ चा मोसम आठवा. वय अठरा, आणि बार्सिलोना, स्पेन, युरो कप, टोकियो ऑलिम्पिक मिळून ७३ सामने. ७ ऑगस्टला योकोहामात ऑलिम्पिकची फायनल, १५ ऑगस्टला ला लिगाचा, म्हणजे स्पॅनिश लीगचा, पहिला सामना, आणि पठ्ठ्या त्यातही होता. सप्टेंबरात बायर्नविरुद्ध मांडीचा पुढचा स्नायू दुखावला. पंधरा दिवसांनी बेनफिकाविरुद्ध उतरला आणि तेच दुखणं उलटलं. मग परतला तो थेट जानेवारीत.

सगळे वेळापत्रकाला शिव्या घालतात, रास्तच आहे. पण मला ते पंधरा दिवस जास्त खटकतात.

दुखत नाही, म्हणजे बरा झाला

वेदना आधी जाते, ताकद मागून येते. युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या पाहणीत हॅमस्ट्रिंगच्या (मांडीच्या मागच्या स्नायूच्या) ज्या दुखापती उलटल्या, त्यांतल्या दोनतृतीयांशांहून जास्त परतल्यावर पहिल्या दोन महिन्यांतच उलटल्या. म्हणून संघात घेण्याआधी दोन्ही पायांची ताकद मोजून ताडून बघा. पूर्ण वेगाचे स्प्रिंट सरावात झालेत का, तेही विचारा. पहिल्या सामन्यात वीस-तीस मिनिटं पुरेत.

घाबरून स्प्रिंटच बंद करणं

ही चूक सगळ्यात फसवी, कारण ती काळजीसारखी दिसते. हॅमस्ट्रिंग बहुतेकदा सुसाट धावतानाच फाटतो. पाऊल टेकायच्या जरा आधी तो ताणला जात असतो आणि त्याच वेळी पायाला ब्रेकही लावत असतो. हा ताण हळू जॉगिंगमध्ये येतच नाही. आठवडाभर पाण्याला शिवायचं नाही आणि शनिवारी विहिरीत उडी मारायची, असला प्रकार. आठवड्यात एकदा तरी, सामन्यापासून दोन-तीन दिवस लांब, मोजके पूर्ण वेगाचे स्प्रिंट हवेत. बाकावर बसून राहिलेल्यांना तर सामना संपल्यावर रिकाम्या मैदानात पळवा. त्यांचाच विसर पडतो, आणि पुढच्या आठवड्यात नव्वद मिनिटं त्यांच्याकडूनच मागितली जातात.

नॉर्डिक पहिल्याच दिवशी भरमसाट

नॉर्डिक म्हणजे गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि धड सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. हॅमस्ट्रिंगसाठी हा व्यायाम खरोखर कामाचा. पण हौसेने पहिल्याच दिवशी तीस केले की दोन दिवस जिना उतरताना बोंब, आणि मग संघ तो कायमचा सोडून देतो. पाच-पाचचे दोन सेट, आठवड्यातून एकदा, असं सुरू करा. सामन्याच्या आदल्या दिवशी नको.

नुसते सामने मोजणं

मिनिटं मोजा, दोन सामन्यांमधले दिवस मोजा, देशाकडून खेळताना झालेला प्रवासही धरा.

आणि ऐंशीव्या मिनिटाला धावता धावता एखाद्याचा हात मांडीच्या मागे गेला, दोन पावलांत वेग पडला आणि तो "काही नाही, आखडलंय" म्हणाला, तर ऐकू नका. बाहेर घ्या. बदली खेळाडू संपले असतील तर दहा जणांत खेळा.